उतरती रेघ

पेंटरला त्याच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं गल्लीत कोणालाही आठवत नाही. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून आधी बुचकळ्यात पडायचा आणि मग "अरे, म्हणजे आपला पेंटर की!" म्हणत बरोबर त्याच दारात यायचा. त्या दारावर पाटी नव्हती. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या दारावर पाटी नाही, याची बायको अधूनमधून चेष्टा करायची. तो म्हणायचा, "लिहू काय? नाव आहे, पण नावापुढे काय?"

नावापुढे काय, हा त्याच्या धंद्यातला मोठा प्रश्न होता. शहरातल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, इंजिनिअरांच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. नाव मोठं, डिग्री लहान, दोन्हींमध्ये दीड बोट जागा, हे त्याचं ठरलेलं माप. एकदा एका डॉक्टरने डिग्री नावाहून मोठी काढायला सांगितली, तेव्हा पेंटर तोंडावर म्हणाला होता, "साहेब, शेपूट कुत्र्यापेक्षा मोठं दिसेल." डॉक्टर तीन दिवस रुसला आणि चौथ्या दिवशी पेंटरच्या मापाने पाटी घेऊन गेला. अशा शेकडो लोकांच्या डिग्र्या त्याने स्वतःच्या हाताने लिहिल्या. कोणत्या अक्षरानंतर टिंब येतं आणि कंस कुठे उघडतो, हे डिग्रीवाल्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक. पण संध्याकाळी ब्रश टर्पेन्टाइनमध्ये बुडवताना मनात एकदा तरी यायचं, की आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्याच लिहीत राहिलो. बारावी झाल्याबरोबर तो पाट्यांच्या कामाला लागला होता, तो लागलाच.

काम शिकवलं उस्तादांनी. उस्ताद कडक माणूस. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडला की ते ब्रशच्या दांड्याने बोटांवर मारायचे. रेघ डावीकडून उजवीकडे जाताना एक तर सरळ जाईल, नाहीतर चढेल, पण उतरता कामा नये. "उतरली की दुकान बसलं समज," असं ते म्हणायचे. दुकानदारांचाही त्यावर विश्वास. बाण असो, पाण्याची लाट असो, नाहीतर अक्षरांखालचा नुसता फराटा असो, पेंटरच्या ब्रशाची रेघ उजवीकडे कधी उतरली नाही. उस्ताद गेले तरी नियम बोटांत राहिला.

आणि या नियमानेच घोटाळा केला.

कॉलेजच्या अर्थशास्त्र विभागाला बाहेरच्या भिंतीवर एक मोठी आकृती रंगवून हवी होती. विभागप्रमुख मॅडमनी हजेरीच्या कागदामागे बॉलपेनने काढून दिली होती, एक उभी रेघ, एक आडवी, आणि मधोमध एक तिरकी, वरून खाली उतरणारी. उभीवर लिहायचं 'किंमत', आडवीखाली 'नग' आणि तिरकीच्या टोकाला 'मागणी'. पेंटरने कागद हातात धरला आणि त्याला मॅडमची दया आली. बाई शिकलेल्या, पण हात कच्चा, रेघ घसरलीय. त्याने एक पैसा जास्त न मागता ती सुधारून दिली. खालून वर, डौलदार, लाल रंगात, सोनेरी कडेची. आयुष्यात एवढी सुंदर रेघ आपण काढली नाही, असं वाटून तो शिडीवरच दोन मिनिटं बघत बसला.

मॅडम आल्या, वर बघितलं आणि चष्मा काढला.

"पेंटर, ही रेघ वर का चाललीय?"

"तुमची खाली घसरली होती मॅडम. मी सरळ करून दिली."

मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की त्यांना शिडीच्या खालच्या पायरीवर बसावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी तिथेच समजावलं, की वस्तू महाग झाली की लोक कमी घेतात, स्वस्त झाली की जास्त घेतात, म्हणून मागणीची रेघ उतरतीच असते, ती कोणाच्या हाताचा दोष नाही.

पेंटर खाली उतरला. चूक झाली म्हणून तो शरमला होता, पण पटलं नव्हतं. "तसं नाही मॅडम. मी पाटीचा दर वाढवला तेव्हा गिऱ्हाईक वाढलं. स्वस्त होतो तोवर लोकांना वाटायचं, हा रंग हलका वापरतो."

मॅडमचं हसणं थांबलं. "हे आहे आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "पण अपवाद म्हणून आहे, आणि आमच्या पोरांना तो पाठ करूनही समजत नाही. तुम्ही शिकलाय किती?"

"बारावी."

"मग पुढे का नाही शिकलात?"

हे त्याला पस्तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्याने आधी वय सांगितलं, मग काम सांगितलं, मग गुडघे सांगितले, आणि शेवटी बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म खिशात घालून तो घरी आला. भिंतीवरची रेघ मात्र मॅडमनी पुसू दिली नाही. "राहू द्या. खाली एवढंच लिहा, 'या आकृतीत काय चुकलं आहे?' पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या दिवशी हाच प्रश्न." म्हणजे पेंटरने स्वतःची चूक स्वतःच्याच सुबक अक्षरांत जाहीर करून ठेवली.

घरी बायकोने फॉर्म पाहिला. ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच, म्हणून सगळी गल्ली तिला शिट्टीबाई म्हणायची, आणि पेंटरही लाडात आला की तेच म्हणायचा.

"अहो, हा फॉर्म कोणाचा?"

"माझा."

"बी.ए.? अर्थशास्त्र?" तिने एकदा फॉर्मकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं काय तुम्हाला? शिडीवरून पडलात का?"

"पडलो नाही गं. उतरलो."

ती हसली आणि पालकाच्या रकान्यात सही कुठे करायची ते शोधायला लागली. तसा रकाना कामाचा नव्हता, पण तिला सही करायचीच होती.

सकाळी सात ते दहा मॅडम त्याला वर्गात बसू द्यायच्या. पेंटर शेवटच्या बाकावर बसायचा, रंगाचे डाग पडलेल्या पँटवर वही ठेवून. पोरं आधी त्याला शिपाई समजली, मग निरीक्षक समजली, आणि महिनाभरात 'काका' म्हणायला लागली. त्याच्या वहीच्या झेरॉक्स सगळ्या वर्गात फिरायच्या. मथळ्यांना सावली, उपमथळ्यांना दुहेरी रेघ, व्याख्यांना चौकट. पोरं म्हणायची, काकांची वही बघितली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. त्यांना नुसतंच वाटायचं, हा भाग वेगळा.

पेंटरला मात्र विषय खरोखरच आवडला. आपण रोज जे बघतो त्याला नाव असतं, याचंच त्याला अप्रूप. मशीनवर कापून चिकटवायची तयार अक्षरं आली आणि त्याच्या पाट्या कमी झाल्या, त्याला नाव होतं. एकाच गल्लीत तीन न्हावी का दुकान घालतात, त्यालाही नाव होतं. तहानलेल्याला पहिला पेला जेवढा गोड लागतो तेवढा चौथा का लागत नाही, हेसुद्धा कोणीतरी बसून लिहून काढलं होतं. रात्रीचं जेवताना तो शिट्टीबाईला सांगायचा, "ही दुसरी पोळी आहे ना, हिची सीमान्त उपयोगिता—" आणि ती म्हणायची, "तिसरी हवी का नको, तेवढं बोला."

पहिलं वर्ष निघालं, दुसरं निघालं, तिसऱ्याचेही विषय सुटत गेले. पण एक पेपर काही केल्या सुटेना. सूक्ष्म अर्थशास्त्राचा. सहापैकी पाच प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी वीस गुण, आणि जवळपास प्रत्येकात आकृती. पहिल्या खेपेला चोवीस मिळाले. दुसऱ्या खेपेला एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागत. आणि नियम असा, की एका पेपरला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला की नाव कमी, परत पहिल्या वर्षापासून सुरुवात. पेंटर तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. परत पहिल्यापासून सुरुवात करणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि शिट्टीबाईलाही.

मॅडमना राहवेना. त्यांनी अर्ज करून त्याची उत्तरपत्रिका मागवली आणि त्याला विभागात बोलावलं.

"पेंटर, तीन तासांत तुम्ही सव्वादोन प्रश्न लिहिलेत."

"हो मॅडम."

"पण जे लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. एकही चूक नाही. मग वेळ गेला कुठे?" त्यांनी पान उलटलं आणि त्यांना कळलं. अर्ध्या पानभर आकृती. रेघा अशा, की छापल्यात असं वाटावं. अक्षरांना सावली. बाणांना टोकं, टोकांना कड. 'आकृती क्रमांक एक' या शब्दांभोवती नाजूक वेलपत्ती. समासात परीक्षकाने लाल पेनने लिहिलं होतं, 'फार सुंदर. बाकीचे प्रश्न?'

"याला किती वेळ लागला?"

"पन्नास मिनिटं," पेंटर मान खाली घालून म्हणाला. "घाईघाईतच काढलीय. सावली नीट पडली नाही."

"आणि प्रश्न काय होता, बघा."

प्रश्न होता संधी खर्चावर. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडून द्यावी लागते, तीच निवडलेल्या गोष्टीची खरी किंमत, हे आकृतीसह स्पष्ट करा. पेंटरने ते आकृतीसह इतकं स्पष्ट केलं होतं, की उरलेले तीन प्रश्न सोडून द्यावे लागले. त्याने प्रश्न वाचला, आपली आकृती पाहिली, परत प्रश्न वाचला. मग आधी तो हसला, मग मॅडम हसल्या. पण घरी जाताना तो आपल्या उजव्या हाताकडे बघत चालला होता. अडचण डोक्यात असती तर अभ्यास केला असता. ती हातात होती.

शिट्टीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि प्रश्न आपल्या पद्धतीने हातात घेतला. "चार मिनिटांत एक आकृती," तिने जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलाशी सराव सुरू झाला. ती समोर उभी, हातात स्टॉपवॉच, तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की बंद. पहिल्या दिवशी चार मिनिटांत पेंटरची उभी रेघ तेवढी झाली.

"अहो, पट्टी कशाला घेताय?"

"पट्टी न घेता रेघ मारू? लोक काय म्हणतील?"

"लोक नाहीत तिथे! एक परीक्षक आहे, त्याला अजून दोनशे पेपर तपासायचेत!"

तिने पट्टी काढून घेतली. मग त्याची रेघ पट्टीशिवायही तेवढीच सरळ आली, आणि वेळही तेवढाच लागला. तिने पेन्सिल काढून घेऊन बॉलपेन दिलं, तर त्याने बॉलपेनने सावली भरली. पंधरा दिवसांत तो अकरा मिनिटांवर आला आणि तिथेच अडकला. हात ऐकतच नव्हता. वेडंवाकडं काढायला घेतलं की बोटं आखडायची, उस्तादांचा दांडा अजून पडेल अशी. शिट्टीबाईच्या वर्गातल्या पळणाऱ्या पोरींना नाकी नऊ यायचे, पण तिला स्वतःला नाकी नऊ आणणारा हा पहिलाच विद्यार्थी. एका संध्याकाळी तिने स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मला नाही जमत हो तुम्हाला शिकवायला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पेंटरला ते पेपरात नापास होण्यापेक्षा जास्त लागलं. त्याने तिच्यासाठी चहा केला.

चहा पिताना ती सहज म्हणाली, "ते दोन रेघा एकमेकींना कापतात, ते काय असतं?" बहुधा त्याला बरं वाटावं म्हणून विचारलं असावं. पेंटरच्या उजव्या हातात गरम कप. त्याने डाव्या हाताने पेन उचललं आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला खरडलं. "ही मागणी. हा पुरवठा. इथे कापतात ती किंमत. पुरवठा कमी झाला, की ही अशी सरकते, मग किंमत इथे." बोलता बोलता झालं. चहा अजून गरम होता.

शिट्टीबाई कागदाकडे बघत राहिली. रेघा थरथरलेल्या, अक्षरं लहान मुलाने काढल्यासारखी, पण सगळं जागच्या जागी आणि वाचता येण्यासारखं. तिने हळूच स्टॉपवॉच उचललं.

"परत काढा."

"काय?"

"हेच. याच हाताने." आणि तिने शिट्टी फुंकली.

एक मिनिट चाळीस सेकंद. डाव्या हाताला उस्तादांनी काहीच शिकवलं नव्हतं. त्याला ना पट्टी ठाऊक होती, ना सावली, ना लोक काय म्हणतील. दोघं त्या दिवशी इतकी हसली, की शेजारीण विचारायला आली. महिनाभर तोच सराव चालला. मजकूर उजव्या हाताने, आकृती डाव्या हाताने.

परीक्षेच्या दिवशी पेंटर तिसऱ्या रांगेत बसला. पहिले दोन प्रश्न तासाभरात उरकले. पेन उजव्या हातातून डाव्यात जायचं आणि परत उजव्यात यायचं. पर्यवेक्षकाने ते दुरून पाहिलं आणि येऊन मागे उभा राहिला. मग वाकून त्याने पान पाहिलं. मजकूर मोत्यासारखा, आकृती कोंबडीचे पाय उमटावेत तशी.

"हे दोन वेगळ्या माणसांनी लिहिलंय," पर्यवेक्षक म्हणाला.

"नाही साहेब, दोन्ही मीच."

"पुरवणी कोणाकडून घेतली? उभे राहा."

पेंटर उभा राहिला. घड्याळ भिंतीवर चाललं होतं. वाद घालत बसलो तर तिसरी संधी इथेच संपली, हे त्याला दिसत होतं. त्याने पुरवणीच्या कोऱ्या पानावर, उभ्या उभ्याच, डाव्या हाताने एक मागणीची रेघ ओढली आणि लगेच तिच्याखाली उजव्या हाताने 'मागणी' लिहिलं. पर्यवेक्षकाने अक्षर पाहिलं, माणसाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"आमच्या घरावरची पाटी तुमची आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "बसा. बसा. लिहा."

दहा मिनिटं गेली होती. पेंटरने खाली बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आत्ता घाईत ओढलेली रेघ वरून खाली उतरली होती. सहज, न अडखळता. उजवा हात तिथे अजूनही अडखळला असता. पाचवा प्रश्न संपला तेव्हा शेवटची घंटा व्हायला सहा मिनिटं उरली होती. पहिल्या पानावरचा मथळा फार उघडाबोडका दिसत होता. सहा मिनिटांत निदान एक सावली भरता आली असती. पेन उजव्या हातात होतं. त्याने क्षणभर मथळ्याकडे बघितलं, टोपण लावलं आणि हात मांडीखाली दाबून बसला.

सत्तेचाळीस गुण मिळाले. निकाल शिट्टीबाईने बघितला, कारण त्याला धीर नव्हता. तिने अंगणात जाऊन शिट्टी वाजवली. लांब, दमभर. गल्लीतल्या लोकांना कळलं. मॅडम पेढा मागायला स्वतः घरी आल्या आणि पेंटरच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "आता पाटी लावा." पेंटरचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. तो दिवसभर ज्याला त्याला चहा विचारत होता.

पाटीला चार दिवस लागले. त्याने पत्रा स्वतः घासला, दोन हात पांढरा रंग दिला, तो नीट वाळू दिला, खडूच्या दोरीने रेघा मारल्या. गल्लीतले लोक येता-जाता डोकावत होते. एवढी वर्षं दुसऱ्यांची काढणारा स्वतःची कशी काढतो, हे सगळ्यांना बघायचं होतं. नावाच्या जागी त्याने 'पेंटर' एवढंच लिहिलं. त्याशिवाय त्याला ओळखणार कोण? पण ते तीन अक्षरांत मावणारं नाव त्याने असं काढलं, की तशी पाटी शहरात दुसरी नसेल. गडद निळं अक्षर, सोनेरी कड, सावली अशी की अक्षर पत्र्यापासून सुटून उभं आहे असं वाटावं. दीड बोट जागा सोडली. मग तो पाटी घेऊन आत गेला, दार लावलं आणि उरलेलं लिहून झाल्यावरच बाहेर येऊन ती टांगली.

शिट्टीबाई शाळेतून आली आणि दारात थबकली. 'पेंटर' या शब्दापुढे लहान अक्षरांत 'बी.ए. (अर्थशास्त्र)' लिहिलं होतं. थरथरलेलं, एक टिंब जास्त मोठं, कंस नीट न मिटलेला. आणि सगळी ओळ उजवीकडे जाता जाता बोटभर खाली उतरली होती.

"अहो," ती म्हणाली, "नाव एवढं देखणं काढलंत आणि डिग्रीचं हे काय? हे कोणी लिहिलं?"

पेंटर उंबऱ्यावर बसून बोटांचा रंग पुसत होता. त्याने डावा हात वर केला. त्याच्या तीन बोटांना निळा रंग लागला होता.

"ज्याने मिळवली त्याने," तो म्हणाला.